ईश्वरी कोपाचा मक्ता

ज्या धर्माच्या वेशीवर नरकाचा पहारा बसविलेला आहे त्या धर्मात कोणी स्वेच्छेने शिरला असे म्हणणे ही निव्वळ भाषेची फसवणूक होय, असा सिद्धांत गेल्या हिवाळ्यात अलिबागेच्या एका व्याख्यानमालेत आमच्या जिल्ह्यातील एका बहुश्रुत गृहस्थांनी मांडला आणि सभागृहाने त्यास टाळ्यांची मंजुरी दिली. या गृहस्थांशी माझा वाद जुना आहे. तो पूर्वी तुकोबांवरून झाला, आंग्रे घराण्याच्या कागदपत्रांवरून झाला आणि एकदा तर निव्वळ शुद्धलेखनावरूनही झाला. तेव्हा प्रस्तुत लेखनाच्या मुळाशी केवळ सत्यजिज्ञासाच आहे असा दावा मी करीत नाही. मात्र त्यांचे म्हणणे खोडून काढावे या हेतूने बसलो असता आधी त्यातील निम्मे मान्य करण्याची पाळी आली, आणि उरलेल्या निम्म्यासाठी मला रेवदंड्याच्या कोटापासून मत्तयाच्या शुभवर्तमानापर्यंत फिरावे लागले. ती फिरस्ती वाचकांपुढे ठेवतो.

व्याख्यानाला निमित्त होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सक्तीच्या धर्मांतरांविरुद्ध कायदा करण्याच्या विचारार्थ पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, आणि तेव्हापासून इतर प्रांतांचे कायदे वाचण्याची जणू साथच आली. ओडिशाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली केलेल्या कायद्यांत ‘बळ’ म्हणजे काय हे सांगताना शारीरिक इजेच्या धाकाच्या पंक्तीस ईश्वरी कोपाचा आणि सामाजिक बहिष्काराचा धाकही बसविला होता. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही कायदे वैध ठरविले. आमच्या वक्त्यांनी तेथून पुढे सोपी साखळी जोडली: ख्रिस्ती माणूस अंतिम न्यायाचा दिवस मानतो, त्या दिवसाची वार्ता सांगणे म्हणजे ईश्वरी कोपाचा धाक घालणे, असा धाक म्हणजे बळ, सबब प्रत्येक ख्रिस्ती प्रवचन म्हणजे बळजबरी. प्रवचनच नव्हे तर ख्रिस्ती लोकांचा मूळ विश्वासांगीकारही त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला, कारण ‘जिवंतांचा व मृतांचा न्याय करावयास तो पुन्हा येईल’ अशा अर्थाचे कलम त्यात आहेच.

या साखळीस ज्या ख्रिस्ती सज्जनांनी वर्तमानपत्रांतून उत्तरे दिली त्यांनी तर माझी अधिकच निराशा केली. देव म्हणजे प्रेम, नरक ही प्राचीन लोकांची प्रतिमा, आम्ही फक्त सेवा करतो, अशी ती मवाळ उत्तरे होती. प्रतिपक्षाने घर पेटविले म्हणून स्वतःच घराचा एक वासा काढून त्याच्या हाती द्यावा, असला हा बचाव झाला. अंतिम न्याय वजा केलेला ख्रिस्ती धर्म म्हणजे एक सुस्वभावी धर्मादाय संस्था होय, आणि तसल्या संस्थेसाठी कोणी हुतात्मा झाल्याचे ऐकिवात नाही. आमच्या वक्त्यांनी निदान तो विश्वासांगीकार गंभीरपणे वाचला होता, एवढे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे.

ईश्वरी कोपाला कायद्याच्या चौकटीत आणण्याची कल्पना १९६७ सालची नव्हे. १८६० च्या भारतीय दंडविधानात ५०८ वे कलम त्याचसाठी होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते ३५४ वे होऊन बसले आहे. या कलमाखालचे पहिले उदाहरण वाचले की पेशवाईतला मनुष्य चटकन ओळखेल, कारण ते धरण्याचे आहे. सावकार किंवा त्याने धाडलेला ब्राह्मण ऋणकोच्या दारात उपाशी बसे. तो उपाशी तोवर घरातल्यांनाही घास उतरत नसे. तो दारातच मेला तर ब्रह्महत्येचे पातक घरावर, म्हणून ऋणको भांडीकुंडी विकून तगादा फेडी. थकलेल्या पगारासाठी शिपाईसुद्धा सरदाराच्या दाराशी धरणे धरून बसत. दुसरे उदाहरण याहून भयंकर, स्वतःचेच मूल मारण्याची धमकी देऊन दुसऱ्याला कोपाचा धनी करण्याचे. या दोहोंत कोप देवाचा असला तरी त्याची किल्ली धरणेकऱ्याच्या हाती असते. मी उठलो तर कोप नाही, बसलो तर आहे. कोपाचा मक्ता त्याने घेतलेला असतो, आणि कायदा शासन करतो ते या मक्तेदारीला. निवडणुकीच्या कायद्यानेही, म्हणजे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने, मतदारास ईश्वरी कोपाचे भय घालणे हा भ्रष्ट आचार ठरविला आहे, आणि आदल्या रात्री वाडीवस्तीवर बेलभंडारा उचलायला लावणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांना त्याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नसावी.

येथवर आल्यावर माझे उत्तर तयार झाले होते आणि ते मला फार आवडलेही होते. पाद्री हा मक्तेदार नव्हे, वार्ताहर होय. रेवदंड्याच्या बंदरावर वादळाचा बावटा चढविणारा बंदर खात्याचा माणूस होड्या किनाऱ्यावर ठेवण्याची सक्ती करीत नाही. बावटा पाहूनही दर्यात गेलेला कोळी स्वतंत्रच असतो, किंबहुना बावटा पाहिल्यामुळेच त्याचे जाणे ही खरी निवड ठरते. वक्त्यांना एवढे ऐकवून लेख संपविता आला असता. परंतु ज्याला तर्काचे व्यसन आहे त्याला स्वतःच्या दृष्टांताचीही उलटतपासणी करावी लागते, आणि या दृष्टांताचा सांधा तिथेच निखळला. वादळाला इच्छा नसते. ‘होडी काढलीस तर बुडवीन’ असे वादळ म्हणत नाही. ख्रिस्ती शिकवणुकीत मात्र आज्ञा करणारा, निवाडा करणारा आणि शिक्षा बजावणारा एकच आहे. पाद्री सुटला खरा. पण मग साक्षात देवच मनुष्यमात्राच्या दारात धरणे धरून बसलेला नाही काय?

हा आक्षेप माझा नाही. तो आमच्याच एका चित्पावन पंडिताचा आहे, आणि त्याच्यापाशी मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण या वादात त्याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार मला दुसरा आढळला नाही.

नीलकंठशास्त्री गोरे १८२५ साली झाशीच्या परिसरात जन्मले आणि काशीत वाढले. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने ‘मतपरीक्षा’ नावाचा ग्रंथ संस्कृतात लिहून हिंदू धर्माला आव्हान दिले, तेव्हा त्यास ज्या तीन पंडितांनी उत्तरे दिली त्यांत हा विशीच्या आतबाहेरचा तरुण सर्वांत तीक्ष्ण निघाला. १८४४-४५ च्या सुमारास रचलेल्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त त्याने ख्रिस्ती ईश्वराच्या न्यायबुद्धीवरच बोट ठेवले. मागचे जन्म नाहीत, म्हणजे जीव कोऱ्या पाटीने येतो. तरीही कोणी आंधळा जन्मतो, कोणी राजाच्या घरी. त्या विषमतेचा हिशेब कोणी द्यावयाचा? एका अल्प आयुष्यातील परिमित पापांसाठी अनंत काळ शिक्षा, हे कोणत्या तराजूत बसते? आणि अमुक जीव नरकात जाणार हे आधीच जाणणाऱ्या ईश्वराने त्याला निर्माण करावे तरी कशाला? जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर कर्मसिद्धांताची वही बिनतोड जुळते. चित्रगुप्ताच्या दफ्तरात एक कवडीही वरखाली होत नाही. ख्रिस्ती वहीत मात्र जमेच्या बाजूस काही नसताना खर्चाचा आकडा अनंत पडतो.

हा तरुण १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाला. आमच्या वक्त्यांच्या प्रमेयाची येथेच परीक्षा पाहावी. नरकाच्या धाकाने या माणसाचे चित्त बधिर झाले असे कोण म्हणेल? त्या धाकाचे शवविच्छेदन त्यानेच सर्वांआधी, आणि ते देववाणीत, केले होते. आप्तांचा विरोध सोसून, काशीची प्रतिष्ठा टाकून तो गेला, आणि गेल्यावरही शंकांनी त्याचा पिच्छा जन्मभर सोडला नाही. पुढे १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्याने आपल्या जुन्या वहीवरच घाला घातला. त्या घाल्याचे तात्पर्य माझ्या शब्दांत असे: कर्माचा हिशेब बिनतोड जुळतो हे खरे, पण म्हणूनच तिथे न्यायाधीशाचे आसन रिकामे आहे; ईश्वर असलाच तर तो कारकून आहे, त्याला तोटा सोसून कोणाचे देणे माफ करण्याचा अधिकार नाही. जिथे माफी अशक्य तिथे पश्चात्तापही निरर्थक, आणि पश्चात्ताप करता येत नाही तो जीव स्वतंत्र म्हणावा कसा? कर्मवाद्याजवळ याचे उत्तर नाही असे नव्हे. भक्तिसंप्रदायांनी ते आपल्या परीने दिलेच आहे. परंतु स्वातंत्र्याला बाध धाकाने येतो की माफीच्या अभावाने, हा प्रश्न गोऱ्यांनी उभा केला आणि तो आमच्या वक्त्यांच्या गावीही नव्हता.

योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच १८२५ साली आमच्या जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात शिरवली गावी विष्णू भिकाजी गोखले जन्मले. जकातीच्या खात्यातली चाकरी सोडून सप्तशृंगीला तप करून आलेले हे विष्णुबावा ब्रह्मचारी १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी उघड्यावर वाद घालीत होते, आणि प्रतिपक्षाच्या जॉर्ज बोएन यांनी त्याच वर्षी त्या वादाचा वृत्तांत इंग्रजीत छापला. एक चित्पावन ख्रिस्ती झाला, दुसऱ्याने ख्रिस्त्यांशी झुंज दिली. पण प्रतिपक्षाच्या तोंडाला कुलूप घाला असा अर्ज दोघांपैकी एकानेही सरकारात केला नाही. पंडिता रमाबाईंचीही तीच जात. गोऱ्यांच्या लेखनाचा प्रभाव त्यांनी मान्य केला, १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर लगेच त्रैक्यासारख्या विषयांवर आपल्या धर्मगुरूंशी व धर्मभगिनींशी असा वाद मांडला की, बिचाऱ्या भगिनींना आपण हिला धर्मात आणले की हिने आपल्याला परीक्षेस बसविले असा प्रश्न पडला असावा.

आता भीतीकडे वळू. भीतीपोटी केलेला पश्चात्ताप खरा की खोटा, हा प्रश्न आमच्या वक्त्यांनी लावलेला शोध नव्हे. ख्रिस्ती लोक त्यावर आपसांत शतकानुशतके भांडले आहेत. लूथरचे म्हणणे, नरकाच्या भयाने आलेले रडे माणसाला ढोंगी करते. त्यावर ट्रेंटच्या परिषदेने १५५१ साली निर्णय दिला की, देवावरील प्रेमातून उपजलेला पश्चात्ताप पूर्ण, शिक्षेच्या भयातून उपजलेला अपूर्ण. पण अपूर्ण असला तरी तो ढोंग नव्हे, ती पहिली पायरी आहे. मला यातला मनुष्यस्वभावाचा अंदाज अधिक शहाणा वाटतो. आपल्यापैकी कितीजणांचे सद्वर्तन आरंभी वडिलांच्या छडीने सुरू झाले आणि पुढे छडी नसतानाही टिकले! छडी टिकली म्हणून ते टिकले असे म्हणता येत नाही.

त्याच शतकाच्या अखेरीस, भीतीच्या मुळाशी असलेल्या कृपा व स्वातंत्र्य या विषयावर, आपल्या किनाऱ्यावर नांदणाऱ्या दोन पंथांत यादवी माजली होती, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नाही. रेवदंड्याच्या कोटात आज नारळीपोफळीच्या वाड्यांतून वाट काढीत गेले म्हणजे पोर्तुगीजांच्या प्रार्थनामंदिरांचे अवशेष दिसतात. फ्रान्सिस्कनांचा सातखणी बुरूज तेवढा ताठ उभा आहे, त्याचे खण सात उरले नसले तरी. याच कोटात डोमिनिकनांचाही मठ होता आणि जेझुइटांचाही. १५८८ साली लिस्बनला मोलिना या जेझुइटाने ग्रंथ छापून सांगितले की, कोणता मनुष्य कोणत्या परिस्थितीत आपण होऊन काय निवडील हे देव जाणतो आणि तदनुसार कृपा देतो. निवड मात्र माणसाचीच. डोमिनिकन बान्येझ गरजला की, मग देव माणसाच्या मर्जीचा ताबेदार झाला; कृपा स्वतःच इच्छेला हलविते आणि म्हणूनच ती कृपा. एकाने दुसऱ्यास कॅल्विनचा चेला म्हणावे, दुसऱ्याने पहिल्यास पेलागियसचा. हे प्रकरण रोमला गेले, वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या, आणि १६०७ साली पोप पाचव्या पॉलने हुकूम केला की, कोणी कोणाला पाखंडी म्हणू नये, निकाल यथावकाश दिला जाईल. तो यथावकाश अद्याप आलेला नाही. दिवाणी दाव्यांच्या तारखा मोजणाऱ्या आम्हा कोकणवासीयांना यात नवल वाटू नये. पण ईश्वराचे ज्ञान आणि मानवाचे स्वातंत्र्य यांचा मेळ आम्हांस लागलेला नाही अशी कबुली खुद्द रोमने शिक्क्यानिशी दिली, ही गोष्ट मला त्या सर्व ग्रंथांहून मोलाची वाटते.

त्याच कोटातून कोपाचा मक्ताही चालत होता, हे येथे दडविण्याचे कारण नाही. १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या आणि मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चाललेल्या इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायासनाची, सत्ता पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील मुलखावरही होती. देवाच्या न्यायाची वार्ता सांगणारा स्वतः तुरुंग आणि चिता बाळगू लागला की वार्ताहराचा धरणेकरी होतो. ऑगस्टीनसारख्या तत्त्वज्ञानेही, प्रथम सक्तीविरुद्ध असूनही, डोनाटसपंथीयांच्या वेळी मेजवानीच्या दृष्टांतातील ‘आत येण्यास भाग पाड’ हे शब्द सक्तीच्या बाजूने राबविले, आणि ती चूक उघडपणे मिटवावयास व्हॅटिकनला ७ डिसेंबर १९६५ ची धर्मस्वातंत्र्याची घोषणा करावी लागली. येथे आमच्या वक्त्यांचे शंभर टक्के बरोबर आहे. मात्र १७४० साली चौल-रेवदंडा आणि पलीकडची कोर्लई मराठ्यांकडे आली, मक्ता संपला, आणि तरीही कुंडलिकेच्या पलीकडच्या तीरावर कोर्लईच्या किल्ल्याखाली एक ख्रिस्ती वस्ती आजतागायत नांदते आहे. घरात पोर्तुगीज वळणाची ‘नौ लिंग’ बोलते, बाजारात मराठी. त्यांच्या पूर्वजांनी धर्म धाकाने घेतला असे क्षणभर मानले, तरी धाक गेल्यावर पावणेतीनशे वर्षे तो कोणी सांभाळला? सवयीने, जातीने, सोयरिकीने, असे कोणी म्हणेल तर मी मान हलवीन. पण मग माझे हिंदुत्व आणि आमच्या वक्त्यांचे हिंदुत्व तरी कोणत्या स्वतंत्र निवडीचे फळ आहे?

राहिला तो देवाच्या धरण्याचा आक्षेप. त्याचे उत्तर मला तत्त्वज्ञांत सापडले नाही. ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात, म्हणजे नरकाचा सर्वांत प्रखर उल्लेख जिथे आहे तिथेच, पडून होते. राजा न्यायासनावर बसतो, मेंढरे उजवीकडे आणि शेरडे डावीकडे करतो. उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही खाऊ घातले. परका होतो, घरात घेतले. तुरुंगात होतो, भेटीस आला. वाचणारे येथे दयाधर्माचा उपदेश घेऊन पुढे जातात. मी त्या लोकांच्या उत्तरापाशी थबकलो. ते चकित होतात आणि विचारतात, आम्ही तुला केव्हा पाहिले? डावीकडचेही हुबेहूब तेच विचारतात. म्हणजे भाकरी देणाऱ्याला ती राजाला देत आहोत हे ठाऊक नव्हते आणि दार लावून घेणाऱ्यालाही कोणासमोर लावतो आहोत याची गंधवार्ता नव्हती. ज्या कृत्यांवर निवाडा होतो त्यांतले एकही धाकाने किंवा लोभाने केलेले नाही, कारण करतेवेळी न्यायाधीश ओळखूच येत नव्हता. धरणेकऱ्याचा सारा जोर दारात ठळक दिसण्यात असतो. हा न्यायाधीश मात्र वेषांतर करून, भुकेल्याच्या रूपात दारात येतो आणि आपली ओळख लपवितो. शिक्षा भोगणाऱ्यालाही ‘तू असतोस असे कळते तर दिले असते’ म्हणायची सोय नाही, कारण तसे दिलेले धाकाने दिलेले ठरले असते.

हे ध्यानात आल्यावर माझी भूमिका बदलली. अंतिम न्यायाने स्वातंत्र्य नष्ट होते असे आता मला वाटत नाही. जो न्याय माणसाच्या बेसावध क्षणांचाच करावयाचा आहे तो स्वातंत्र्याला इतर कोणाहूनही अधिक गंभीरपणे घेतो. स्वातंत्र्य नष्ट होते ते त्या न्यायाची दिवाणगिरी माणसाने पत्करली म्हणजे. आणि तशा दिवाणांचा शोध घेण्यासाठी समितीने प्रार्थनामंदिरांकडे जाण्याची गरज नाही. तिने आमच्या गावक्यांकडे यावे. २०१४-१५ च्या सुमारास रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी एकामागून एक पुढे आल्या. वाळीत टाकणे म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे त्यास ओडिशाची व्याख्या वाचावी लागत नाही. वाणी मीठ देत नाही, गिरणीवाला दळण परत करतो, पाणवठ्यावर बायका पाठ फिरवतात, मयताला खांदेकरी मिळत नाहीत, आणि गावदेवीची पालखी त्या एका दारापुरती न थांबता पुढे निघून जाते. दंड भरला की पालखी पुन्हा थांबते. कोपाचा मक्ता म्हणतात तो हाच, आणि त्याची रक्कमही ठरलेली असते. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून अमलात आहे, आणि तो करण्यास भाग पाडणाऱ्यांत आमचा जिल्हा अग्रेसर होता, हा मान आमच्या वक्त्यांनी व्याख्यानात का सांगितला नाही ते त्यांनाच ठाऊक.

तेव्हा समितीकडे निवेदन धाडण्याचा त्यांचा विचार असेल तर माझी त्यांस विनंती अशी की, त्यात नुसता ‘ईश्वरी कोप’ लिहू नये. तसे लिहिले तर देवीचा कौल डावा पडला म्हणून लग्न पुढे ढकलायला लावणारा आमचा गुरवही उद्या आरोपी होईल. १८६० च्या कायद्याने धरणेकऱ्याला जसे नेमके पकडले तसे, आपल्या कृतीने कोप आणतो किंवा हटवितो असे भासवून काम करवून घेणाऱ्यालाच त्यांनी पकडावे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. पाद्र्यांशी माझा हिशेब वेगळा आहे आणि तो अजून मिटलेला नाही. रोमन चर्चने हजारोंना संत ठरविले, पण अमुक एक मनुष्य नरकात आहे असे अधिकृतपणे कधी म्हटले नाही, आणि नरक म्हणजे माणसाने आपण होऊन देवापासून दुरावलेली अवस्था, असे पोप दुसऱ्या जॉन पॉलने १९९९ साली सांगितले, हे सारे मला ठाऊक आहे. तरीही ज्या प्राण्याला धड आपले मन कळत नाही त्याची निवड अनंत काळासाठी पक्की कशी धरावी, हा गोऱ्यांचा विशीतला प्रश्न मत्तयाच्या त्या अध्यायानेही सुटत नाही. शिक्षा सार्वकालिक आहे असे तिथेच म्हटले आहे. वर्तमानपत्रांतून मवाळ पत्रे लिहिणाऱ्या सज्जनांनी त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि ते मराठीत, चारचौघांत द्यावे.